पाणी नाही, पानं लागली

वणीकडं माझ्या मेहुण्याची शेती आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं तिथं विहीर खोदायला घेतली. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरला, डोळे मिटले, वावरभर फिरला आणि नारळ जिथं उभा राहिला तिथं टाच मारून म्हणाला, "चाळीस फुटांवर पानी." चाळीस फुटांवर लाल वाळूचा दगड लागला. पन्नासला ओल्या पाटीसारखा, थराथराचा करडा खडक लागला. आणि पंचावन्नला त्या खडकाच्या थरांमधून झाडाची पानं निघायला लागली. दगडातली पानं, देठाशिरांसकट. मेहुण्यानं पाणाड्याला बोलावून जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "मी पानंच म्हनलो होतो जी. तुमीच पानी ऐकलं."

विदर्भात 'ण' आणि 'न' यांचं जे सख्य आहे ते पाहता हा दावा कोर्टातही टिकला असता. मेहुण्यानं त्याचे पैसे देऊन टाकले आणि मला फोन लावला. "भाऊजी, तुम्ही घरी बसून काय करून राह्यले? घेऊन जा हे दगड."

माणूस रिटायर झाला की घरादारातल्या सगळ्या बेवारस गोष्टी त्याच्या नावावर होतात. बंद पडलेला मिक्सर, लांबच्या नात्यातल्या लग्नपत्रिका, बँकेत केवायसीची रांग. त्यात आता एक टेम्पोभर खडक जमा झाला. तो गच्चीवर चढवताना हमाल विचारत होता, "साहेब, बांधकाम काढलं काय?" मी म्हणालो, "नाही रे, पानं आहेत." त्यानं पुढं काही विचारलं नाही. फक्त मजुरी आधी मागून घेतली.

बायकोनं मात्र विचारलं. मी छाती पुढं काढून सांगितलं, "ही २५ कोटी वर्षांपूर्वी गळलेली पानं आहेत."

"मग आज झाडून काढायची घाई नाही," असं म्हणून ती खाली गेली.

माझ्या एका मित्राचा भाचा भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्याला फोटो पाठवले. दोन मिनिटांत त्याचा फोन. पोरगा अक्षरशः नाचत होता. "काका, ग्लॉसोप्टेरिस! ही मधली शीर बघा, हे जाळं बघा!" ग्लॉसोप्टेरिस म्हणजे जिभेच्या आकाराचं पान. कोळशाच्या काळातली ही झाडं. अडोल्फ ब्रोंन्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२८ साली त्यांना हे नाव दिलं. नावात नेचा आहे, पण झाड नेच्याचं नव्हे, बी धरणारं होतं, हे पुढं कळलं. आपली पहिली समजूत चुकीची निघणं ही या विषयातली जुनी परंपरा आहे, हे ऐकून मला फार धीर आला.

"तेव्हा आपला देश दक्षिणेला होता काका, अंटार्क्टिकाला चिकटून. चंद्रपूरजवळ हिमनदीनं घासलेले खडक आहेत." फोन स्पीकरवर होता. बाहेर त्रेचाळीस अंश होतं आणि कूलरचं पाणी संपलं होतं. बायको म्हणाली, "मग आपण तिथून निघालो कशाला?"

पोरगा शेवटी म्हणाला, "काका, एक विनंती आहे. मी दिवाळीत येतो. तोपर्यंत हात लावू नका."

एप्रिल महिना होता. दिवाळी सहा महिने लांब. 'हात लावू नका' हे वाक्य नोकरीतल्या माणसाला ऐकू येतं. रिटायर माणसाला त्यातलं फक्त 'हात लावू' एवढंच ऐकू येतं.

तशी त्यानं फोनवर बरीच पथ्यं सांगितली होती. पहिलं पथ्य असं, की विहिरीतून निघालेला शेल, म्हणजे हा थराथराचा खडक, ओला असतो, त्याला ऊन दाखवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत आठ-पंधरा दिवस सावकाश वाळू द्या. हे तो सांगत असताना माझे दगड दोन दिवसांपासून गच्चीवर, नागपूरच्या उन्हात, बायकोच्या साबुदाण्याच्या पापडांशेजारी पसरलेले होते. फोन ठेवून वर धावलो. जिन्यातच तड्, तड् असा आवाज येत होता. ज्या फरशांवर कालपर्यंत पानं दिसत होती त्यांचे पोपडे उडाले होते. काही तर कडा वर करून कुरकुरीत झाले होते. बायको पापड उलटायला आली, दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमचे लवकर झाले."

उरलेले दगड पलंगाखाली गेले. त्यांना माती लागली होती. माती लागलेली वस्तू धुवावी, हा संस्कार आमच्या आईनं केलेला. एक बादली भरली, त्यात चार निवडक तुकडे बुडवले आणि झोपलो. सकाळी बादलीत दगड नव्हते. तळाशी राखी रंगाचा गिलावा बसला होता. शेल म्हणजे मुळात चिखलच. संथ पाण्यात थरावर थर बसलेला, वरच्या ओझ्यानं दाबून दगड झालेला. निसर्गानं २५ कोटी वर्षं खर्चून चिखलाचा दगड केला, आणि मी एका रात्रीत दगडाचा चिखल करून दाखवला. तो गिलावा बायकोनं मोगऱ्याच्या कुंडीत घातला. मोगरा मात्र त्या वर्षी सडकून फुलला.

आता हातोडीकडं येतो. इथं जरा थांबायला हवं, कारण माझी बहुतेक कामगिरी इथंच झाली.

शेल ही वहीसारखी चीज आहे. पान गळून चिखलावर पडतं, वर आणखी चिखल बसतो, आणि वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखं ते दोन पानांमध्ये दबतं. त्यामुळं खडक उघडायचा तर वही उघडतात तसा, कडेनं. रुंद, पातळ छिन्नी थराच्या रेषेवर टेकवायची, हलकी टिचकी मारायची, दगड थोडा फिरवायचा, पुन्हा टिचकी. चारी बाजूंनी फिरून आलं की थर आपोआप सुटतो आणि बहुतेक वेळा नेमका पानापाशीच सुटतो, कारण जोड तिथंच कच्चा असतो. दगडाखाली वाळूची पिशवी, डोळ्यांवर चष्मा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पोरानं दोनदा म्हणवून घेतलं होतं.

पण हातात हातोडी आली की माणसाच्या डोक्यातलं ज्ञान खांद्यात उतरतं आणि तिथं त्याचा जोर होतो. आमची हातोडी कॅलेंडरचा खिळा ठोकण्यापुरती. छिन्नी म्हणून स्क्रू-ड्रायव्हर. पहिली फरशी मी शास्त्रोक्त पद्धतीनं कडेला धरली आणि टिचकी मारली. काही झालं नाही. दुसरी मारली. काही नाही. तिसऱ्या टिचकीला बारीक रेघ उमटली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. जगातले सगळे अपघात 'आता होतच आलंय' या क्षणी होतात. मनात म्हटलं, अजून एकच ठोका. तो ठोका मी कडेनं न मारता वरून मारला, का ते आजही सांगता येणार नाही. फरशीचे एकोणीस तुकडे झाले. त्यातल्या सतरांवर पानाचा थोडा थोडा भाग होता. म्हणजे आत पान होतं, आणि फार देखणं होतं, याची मला एकोणिसांतल्या सतरा ठिकाणी खात्री पटली.

"कसला आवाज?" खालून.

"काही नाही. सापडलं."

"अख्खं?"

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, हे तिला आता ठाऊक झालं आहे.

शेजारचे वकीलसाहेब आवाज ऐकून भिंतीवरून डोकावले. "असं नाही हो करायचं," म्हणाले. त्यांनी आयुष्यात विटेशिवाय काही फोडलं नव्हतं, तीही अशिलाच्या अतिक्रमणाच्या खटल्यात, आणि तीसुद्धा दुसऱ्यानं फोडलेली. तरी माझ्या हातातून हातोडी घेतली. त्यांच्या पहिल्याच ठोक्याला दगडाचा एक कपचा उडून त्यांच्याच चष्म्यावर बसला. "पुरावा नष्ट झाला," एवढं बोलून ते भिंतीपलीकडं मावळले.

खरं सांगतो, मला त्या काळात स्टीफन हिस्लॉपचा फार मत्सर वाटायचा. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. धर्मप्रसार करता करता त्याला दगडांचा नाद लागला. कामठी, सिल्लेवाडा या बाजूच्या खाणींतून त्यानं अशीच पानं गोळा केली. मांगलीच्या खडकात एका बेडकाच्या पूर्वजासारख्या प्राण्याची कवटी मिळाली, ती लंडनला शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनपर्यंत पोचली आणि १८५५ मध्ये तिचं बारसं झालं, ब्रॅकिऑप्स. पानांचं वर्णन चार्ल्स बनबरीनं १८६१ मध्ये छापलं. तेव्हा नागपुरात रेल्वे आलेली नव्हती. म्हणजे ही पानं आधी बैलगाडीतून, मग बोटीतून, अर्धं जग ओलांडून धडधाकट पोचली. आमच्या गच्चीवरून हॉलमध्ये यायला सोळा पायऱ्या आहेत. माझं पान नवव्या पायरीपर्यंत आलं.

पुढचा मार्ग मीच शोधला, म्हणजे कुठंतरी वाचला. शेल पाण्यात थोडा मुरवावा आणि गोठवावा. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, थरांमध्ये पाचर मारल्यासारखं बसतं, आणि दगड हातोडीशिवाय उघडतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गोठवावं आणि वितळवावं लागतं. मी बायकोची नजर चुकवून एक फरशी स्टीलच्या डब्यात पाण्यासह ठेवली आणि डबा फ्रीझरमध्ये मटारामागं सरकवला. त्या आठवड्यात वादळं फार झाली. रात्री वीज जायची, पहाटे यायची. डबा गोठायचा, वितळायचा, पुन्हा गोठायचा. वीज जाण्याचा शास्त्राला इतका थेट उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी धाकटी मेहुणी आली. "ताई, कुल्फी गं?" म्हणून तिनं डबा काढला. चमचा घातला. तो बर्फातून गेला आणि थरात अडकला. तिनं जोर लावला. फरशी अगदी पुस्तकासारखी मधोमध उघडली, आणि आत, देवाशपथ सांगतो, टोकापासून देठापर्यंत पान होतं. मी आनंदानं ओरडलो. मेहुणी दचकली. डबा खाली पडला.

तुकडे छत्तीस. पण या वेळी मी तयारीचा होतो. पोरानं सांगितल्याप्रमाणे एकेका तुकड्याच्या मागं आकडा घातला. त्यानं पेन्सिलीनं घाला म्हटलं होतं, मी ठळक दिसावा म्हणून खडूनं घातला. दुसऱ्या दिवशी आमच्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, लेकरानं दगडावर गिचमिड केली होती. सारी पुसून काढली."

मग मी अंदाजानं जुळवणी केली. सुतार वापरतात तो पांढरा गोंद लावून तीन रात्री जागलो. बँकेत पस्तीस वर्षं ताळेबंद जुळवले, छत्तीस तुकडे काय जुळणार नाहीत? जुळले. एकही उरला नाही. फोटो पाठवला. बराच वेळ फोनवर काही हालचाल नाही.

"काका, याला दोन मध्यशिरा आहेत. आणि देठ वरच्या बाजूला आहे."

"दुर्मीळ आहे का?"

"एकमेव आहे."

मग त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठला गोंद लावलात?" संग्रहालयात म्हणे ॲसिटोनमध्ये विरघळवलेली एक ॲक्रिलिक राळ लावतात. उद्या गरज पडली तर ती पुन्हा विरघळवून काढता येते. जे काढता येत नाही ते दगडाला लावायचंच नाही, हा त्यांचा नियम. ॲसिटोन म्हटल्यावर मला सुनेच्या नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण झाली. अख्खी बाटली ओतली. गुलाबाचा वास घरभर सुटला. गोंद ढिम्म हलला नाही. शेजारी काढून ठेवलेल्या माझ्या वाचायच्या चष्म्याची फ्रेम मात्र विरघळली.

बायकोचा संयम सुटायला पलंगाखालचे उरलेले दगड कारण झाले. "हे आजच्या आज टाका," ती म्हणाली. मी तिला कॅप्टन स्कॉटची गोष्ट सांगितली. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी होते, हातपाय गारठून गेले होते, तरी घसरगाडीवरचे जवळजवळ १६ किलो दगड त्यांनी टाकले नाहीत. त्यांच्या मृतदेहांपाशी ते सापडले, आणि त्यांत हेच पान होतं, ग्लॉसोप्टेरिस! अंटार्क्टिकातलं आणि आपल्या वणीतलं पान एकच. दोन्ही भूमी एकेकाळी एकत्र होत्या, याचा तो पुरावा. ज्या महाखंडाचा हा पुरावा, त्याला नावसुद्धा आपल्या गोंडवनाचं!

"मरेपर्यंत टाकले नाहीत त्यांनी," मी गहिवरून म्हणालो.

"त्यांच्या पलंगाखाली केरसुणी कोण घालत होतं?"

त्याच दिवशी संध्याकाळी देवघरात दिवा लावताना ती सहज म्हणून गेली, "पोरगा म्हणत होता, शाळिग्रामसुद्धा असलाच दगड असतो म्हणे." मी फोनपाशी पळालो. खरंच होतं. नेपाळात काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात काळा शेल आहे, कधीकाळच्या समुद्राच्या तळाचा गाळ. त्यात गोल गाठी असतात आणि गाठीच्या आत अमोनाइट, गोगलगाईसारखा वेटोळ्याचा शंख. आपण ज्याला चक्र म्हणतो ते हेच वेटोळं. नदी त्या गाठी शेलमधून सोडवते, घोळवत आणते, किनाऱ्यावर ठेवते. तिला ना छिन्नी लागते ना फ्रीझर. आणि तिला कोणी दिवाळीपर्यंत थांबायलाही सांगितलेलं नसतं.

म्हणजे माझ्या आजेसासूबाईंपासून चालत आलेला एक जीवाश्म आमच्या घरात रोज दुधानं न्हात होता, तुळशीच्या लग्नाला नवरदेव होऊन उभा राहत होता, आणि मी वर गच्चीवर पस्तीस हजार ठोके मारत होतो. मी तो हातात घेतला. छोट्या भोकातून आतलं वेटोळं दिसत होतं, जेमतेम. पण पुरतं नाही. कानाशी नेऊन नखानं वाजवून बघितला.

"काय करताय?"

"नमस्कार."

दगड शेवटी टाकले. एक सोडून. तो जाडजूड धोंडा कुठल्याच उपायाला बधला नव्हता, म्हणून बायकोनं त्याला गच्चीवर कूलरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवून दिलं. मीही विसरलो. मे महिना आला, पारा सेहेचाळीसवर गेला, गच्चीवर पाय ठेवता येईना. मग मृगाचा पहिला पाऊस झाला, रात्रभर. सकाळी ताडपत्री काढायला गेलो तर धोंडा दोन फाकांत उघडून पडला होता, कुणी वही वाचता वाचता उघडी ठेवून उठावं तसा. एका फाकेवर वीतभर लांबीचं पान. मधली शीर, शिरांचं जाळं, एका कडेला किंचित दुमड, गळताना पडली असेल तशी. दुसऱ्या फाकेवर त्याचाच उलटा ठसा. सकाळचं तिरपं ऊन पडल्यामुळं प्रत्येक शीर उठून दिसत होती. मी तिथंच पाणी साचलेल्या गच्चीवर खाली बसलो.

पोराला फोन केला. तो बराच वेळ फोटो बघत राहिला. "काका, याला तुम्ही काय काय केलंत?"

"काहीच नाही रे."

"काका, तुमच्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे."

बातमी वणीला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मेहुणा हजर झाला. "भाऊजी, विहीर माझी, त्यामुळं निम्मं पान माझं." आम्हा दोघांच्या घराण्यांत वाटणीवरून आजवर कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. इथं मात्र निसर्गानंच आधी वाटणी करून ठेवली होती. त्याला ठसा, मला पान. त्यानं दोन्ही फाका हातात घेऊन तोलल्या आणि विचारलं, "यातलं खरं कोणतं?" मी म्हणालो, "दोन्ही खरीच." त्याला हे पटलं नाही. वकीलसाहेबांनी भिंतीवरून आपली सेवा देऊ केली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

माझ्या वाट्याला आलेली फाक बायकोनं जुन्या मऊ सुती लुगड्यात गुंडाळली. गुंडाळण्याआधी मी तिची कड सहज निरखत होतो. पानाच्या खाली, एक धागाभर अंतरावर, केसासारखी बारीक रेघ दिसली. म्हणजे तिथं आणखी एक थर होता. थर आहे म्हणजे कदाचित पान आहे. जोरात काही करायचं नव्हतं. फक्त कडेनं, लोण्याच्या सुरीनं, अगदी हलकं...

"हातोडी कुठाय गं?" मी विचारलं.

"गव्हाच्या कोठीत. तळाशी."

रात्री जेवण झाल्यावर मी थोडा वेळ देवघरापाशी बसलो. दिवा मंद होता, पण ताम्हनात शाळिग्राम दिसेना. फुलांखाली बघितलं, समईमागं बघितलं.

"शोधू नका," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "दादा ठसा घेऊन गेला ना, त्याच्याबरोबर माहेरी पाठवलाय. दिवाळीत तो पोरगा आला की परत आणू."